मला मोजू नका

हेल्का बाजाराच्या इमारतीतून बाहेर आली तेव्हा तिचं डोकं आधीच तापलेलं होतं, आणि एक अनोळखी माणूस तिच्या सायकलवरचा बर्फ झाडत होता.

नुसता झाडत नव्हता... गुणगुणत झाडत होता!

ती आत कॉफी प्यायला गेली, तेवढ्यात आभाळानं पोतीच्या पोती रिकामी केली होती. बाहेरच्या स्टँडवर सायकली अशा उरल्याच नव्हत्या. नुसत्या पांढऱ्या गाद्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. त्यातली एकच गादी उघडी पडली होती, आणि तिच्या मागच्या चाकाशी हा लंबूटांग माणूस उकिडवा बसला होता.

"अहो! काय चाललंय?"

"सायकल काढतोय," मान न वळवता तो म्हणाला.

"माझी?"

"छे, माझी. काळी आहे, पुढे टोपली आहे..."

"आपल्या या कोइवुनिएमी गावात दर दुसरी सायकल काळी आहे आणि दर तिसरीला टोपली आहे! सीटवर काय आहे ते बघितलंत का?"

त्यानं बघितलं. सीटवर लाल ठिपक्यांची टोपी होती, आंघोळीच्या वेळी केसांवर घालतात तसली. सीट भिजू नये म्हणून इथे पुष्कळजण पिशवी बांधतात. हेल्काची ही टोपी.

"मला वाटलं," तो हळूच म्हणाला, "कुणीतरी माझी गंमत केली."

"उठा."

"उठतो. पण त्याआधी... एक सांगायचं राहिलंय. रागावणार नाही ना?"

"मी आधीच रागावलेली आहे."

"मग बरं झालं. वेगळं रागवायला नको." त्यानं हातमोज्यातली मूठ उघडून पुढे केली. आत अर्धी किल्ली होती. "उरलेली अर्धी तुमच्या कुलपात आहे. कुलूप गोठलंय असं वाटलं, म्हणून जरा जोर लावला... आणि..."

इथल्या सायकलींचं कुलूप मागच्या चाकालाच जडवलेलं असतं. ते अडकलं की सायकल हट्टी शेळीसारखी पाय रोवून उभी राहते.

हेल्का त्यानंतर जे बोलली ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. ती पहिलीच्या वर्गाला शिकवायची. वर्गात जे शब्द रोज गिळावे लागतात, ते त्या दिवशी एका दमात बाहेर पडले. तो मात्र ऐकत उभा राहिला. टोपीवर बर्फ साठला, खांद्यांवर साठला, तरी हलला नाही. ती दम घ्यायला थांबली तेव्हा त्यानं विचारलं, "हे सगळं... एका किल्लीबद्दल आहे?"

हेल्का म्हणाली, "शाळेमागची नदीकाठची वाट माहीत आहे?"

"नाही. मी मोठ्या पुलापलीकडे राहतो, बसनं फिरतो. सायकल मागच्याच आठवड्यात घेतली. मूळचा तुर्कूचा, कामासाठी इथे आलोय."

"तरीच! बर्फाखालची आपली सायकल न ओळखणारा माणूस दक्षिणेचाच असणार." ती पुन्हा भडकली. "त्या वाटेनं माझ्या वर्गातली पोरं येतात. सायकलवर. एकटी. सात-सात वर्षांची. आणि आता नगरपालिका म्हणते, हिवाळ्यात ती वाट साफ करायची नाही, तिथे गाड्या उभ्या करायच्या. का, तर हिवाळ्यात तिथून कुणी सायकलवर जातच नाही! मोजलंय म्हणे! कुठल्या गाढवानं मोजलं, कुठे तोंड करून मोजलं..."

"गाढवच," तो मनापासून म्हणाला. "आंधळं गाढव."

गेले आठ दिवस सगळेजण तिला "शांत हो" म्हणत होते. हा पहिलाच, ज्यानं तसं म्हटलं नाही. हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला त्याचाही राग आला.

त्याचं नाव इल्मो. त्यानं तिच्या सायकलचं मागचं चाक उचलून धरलं, तिनं पुढचं हँडल धरलं, आणि अशी ती दोघांची वरात दुरुस्तीच्या दुकानात पोहोचली. दुकानदार म्हणाला, कुलूप दक्षिणेहून मागवावं लागेल, वेळ लागेल.

"दक्षिणेहून आजवर काही वेळेवर आलंय का?" हेल्का म्हणाली.

"मी आलो की," इल्मो म्हणाला. "थोडा आधीच आलो असेन, इतकंच." आणि घरून दुसरी किल्ली आणून त्यानं आपली सायकल बर्फातून काढली आणि तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेल्का शाळेच्या आवारात शिरली ती पायाच्या बोटांनी पेडल शोधत. सीट खालपर्यंत उतरवूनसुद्धा सायकल तिला उंचच होती.

"बाई, तुमची सायकल रात्रीत वाढली?" वेन्लानं विचारलं.

वेन्ला वर्गातली सगळ्यात लहान मुलगी. मागच्या हिवाळ्यात, बालवाडीत असताना, ती आईचं बोट सोडायची नाही. बर्फ पाहिला की रडायची. या वर्षी ती एकटी यायची. कोटाला लटकवलेली, अंधारात चमकणारी चकती डुलवत, बर्फावर घसरू नये म्हणून लावलेल्या खिळ्यांच्या टायरांचा करकर आवाज करत, नाकाचा शेंडा लाल करून. पोहोचली की घंटी वाजवून सगळ्या आवाराला कळवायची. वाट गेली तर लाकडाचे ट्रक धावतात त्या मोठ्या रस्त्यानं यावं लागणार, आणि आईनं सांगून ठेवलं होतं : मग सायकल बंद, गाडीतून सोडीन.

"गाडीत मी लहान असते," वेन्ला म्हणाली होती. "सायकलवर मोठी असते."

हेल्काला झोप लागत नव्हती ती या एका वाक्यामुळे. मूल एकदा मोठं झालं की त्याला परत लहान करण्यासारखं पाप नाही, असं तिचं मत होतं.

शाळा सुटल्यावर इल्मो फाटकाशी उभा. घरमालकिणीची जांभळी सायकल घेऊन.

"माझी सायकल नीट आहे का, बघायला आलो."

"बघितलीत. आता जा."

"चालवून बघायला हवी ना. छोटीशी फेरी. समुद्रापर्यंत."

अशा थंडीत फेरी छोटीच असते. नाकातले केस काट्यांसारखे ताठ होतात, पापण्यांना पांढरी झालर येते, आणि बोटं "पुरे" म्हणाली की माघारी वळायचं. इल्मोनं नियम केला : ज्याच्या तोंडून "थंडी" हा शब्द आधी निघेल, त्यानं दालचिनीचा पाव खिलवायचा. हेल्का हट्टी, तो चिवट. दोघंही निळी पडली, पण शब्द कुणी काढला नाही. शेवटी टपरीवालीच म्हणाली, "काय थंडी आहे!" आणि दोघांनी तिच्याकडूनच पाव वसूल करायचा प्रयत्न केला.

दुसऱ्या फेरीला तो जागचा हलेचना. पेडल मारतोय, पाय गरगर फिरताहेत, सायकल मात्र उभीच!

हेल्कानं डोळे बारीक केले. "काल रात्री सायकल कुठे होती?"

"घरात. शेगडीजवळ. मालकीणबाईंची आहे, म्हटलं गारठायला नको..."

"अरे देवा! सायकल गारच ठेवायची असते. आत बर्फ वितळला, बाहेर आल्यावर चाकाच्या पोटात गोठला. आता फिरवा गोल गोल, उन्हाळ्यापर्यंत!"

"म्हणजे फार मायेनं वागवलं की बिघडते?"

"हो."

"आणि रागानं वागवलं की?"

"मग चालते."

"तरीच," तो तिच्याकडे पाहत म्हणाला, "गेले दोन दिवस मी असा सुसाट चाललोय."

हेल्का हसली. मग आपण हसलो म्हणून चिडली. मफलर नाकापर्यंत ओढून घेतला, पण डोळे उघडेच राहिले होते, आणि हसू तिथेच होतं.

अशा फेऱ्या होत राहिल्या. नदीकाठच्या वाटेनं मात्र तिनं त्याला कधी नेलं नाही. "ती पोरांची वाट आहे. तिथे यायला लायकी लागते," ती म्हणायची. तो रोज विचारायचा, "आज लायकी आली का?" आणि ती म्हणायची, "अजून कच्चे आहात."

एका शनिवारी ती स्वतःच म्हणाली, "चला. दाखवते."

वाट पांढरीशुभ्र होती, कडेला पांढऱ्या सालीची बर्चची झाडं बर्फानं वाकलेली. सूर्य क्षितिजावरून नुकता डोकावत होता आणि सगळा बर्फ गुलाबी झाला होता. हेल्का पुढे, तो मागे. पुढे लाकडी पूल आला. पुलापाशी मागची करकर थांबली.

"काय झालं? थंडी? बोला, बोला... पाव तुमच्यावर!"

इल्मो एक पाय टेकून उभा होता. पुलाकडे बघत होता, मग पलीकडे, शाळेच्या खिडकीकडे.

"त्या खिडकीत कागदी चांदण्या असतात," तो म्हणाला.

"माझाच वर्ग तो. पण इथून तर दिसत नाहीत, या वर्षी काढून टाकल्यात..." ती थांबली. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी इथे आलो होतो. गेल्या मार्चच्या सुरुवातीला." शब्द एकेक करून येत होते. "बहिणीच्या मुलांबरोबर डोंगरावर त्यांच्या शाळेची आठवडाभराची स्की-सुट्टी घालवली, ती संपली, आणि पुढे कंपनीनं इकडे पाठवलं. नकाशावर वाटांना नुसते आकडे होते, शाळेचं नाव नव्हतं. पुष्कळ ठिकाणी उभा राहिलो... या पुलावरसुद्धा. कुणी आलंच नाही. मला वाटलं, शाळा बंद पडलेली असावी."

"कशाला पाठवलं होतं?"

त्यानं हँडलवरचा बर्फ झटकला.

"इल्मो, कशाला पाठवलं होतं?"

"सायकली मोजायला."

झाडावरून बर्फाचा एक गोळा घसरला आणि धप्पकन पडला.

"मार्चच्या सुरुवातीला," हेल्का म्हणाली. आवाज अगदी हळू होता. वर्गातल्या मुलांना ठाऊक होतं, बाईंचा आवाज असा झाला की बाकाखाली जायचं. "तुमच्याकडे शाळांची स्की-सुट्टी आधी असते. दक्षिणेची आधी, मधल्या मुलुखाची मग, आणि आमची सगळ्यात शेवटी. मार्चच्या सुरुवातीला! माझी सगळीच्या सगळी पोरं तेव्हा डोंगरावर घसरत होती. आणि तू... तू इथे उभा राहून त्यांना मोजत होतास?"

"मला माहीत नव्हतं..."

"पहिलीतल्या पोराला माहीत असतं! कुणालाही विचारायचं होतंस. एका माणसाला! ते गाढव तू? आणि माझ्यासमोर मान डोलावून 'आंधळं गाढव' म्हणालास?"

"ते तर खरंच होतं," तो म्हणाला.

तिनं त्याची उंच सायकल पुलाच्या कठड्याला टेकवली. आपटली नाही, दुसऱ्याची वस्तू आपटायची नाही हे ती मुलांना शिकवायची. "ही तुमची," ती म्हणाली, आणि चालू लागली. त्यानं हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. रागानं माणूस गरम राहतो म्हणतात. त्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत तिचे गाल ओले होते, आणि ओले गाल गोठतात.

सोमवारी दुकानदाराचा फोन आला, कुलूप बसलं. हेल्का उजाडायच्या आत आपल्या सायकलवरून निघाली, नदीकाठानं, कुणाशीही बोलायचं नाही असं ठरवून. आणि पुलावर, दिव्याच्या उजेडात, इल्मो उभा!

हातात मोजणीचं छोटं यंत्र. अंगठ्यानं दाबलं की टिक वाजणारं.

"मला मोजू नका," ती म्हणाली आणि निघून गेली.

तो तिथेच उभा राहिला. मंगळवारी उभा राहिला. बुधवारी इतका गारठा होता की चिमण्यासुद्धा वळचणीतून निघाल्या नाहीत, तेव्हाही उभा राहिला. मुलांना तर नवीन खेळच मिळाला. पुलावर आलं की घंटी वाजवायची आणि ओरडायचं, "मोजणीकाका, मला धरलंत का?"

"धरलं!" टिक.

दोघं-तिघं पुढे जाऊन, वळून परत आली. "काका, आता परत धरा!"

"एका माणसाला एकदाच. चोरटे आहात!"

"आमच्या बाईंना धरलंत?"

"नाही."

"का?"

"त्या नको म्हणाल्या."

वेन्लानं यावर वर्गात जाहीरपणे विचारलं, "बाई, तुम्हाला मोजलेलं आवडत नाही का?"

"पान नंबर बारा उघडा," हेल्का म्हणाली.

वेन्ला त्याला रोज थर्मासमधून गरम बेरीचं सरबत आणून द्यायची. हेल्का रोज समोर बघत जायची. पण कान कुठे मिटता येतात? तिच्या मागेपुढे टिक, टिक व्हायचं, आणि ती पुलावरून जाताना मात्र काहीच व्हायचं नाही. तिनंच सांगितलं होतं. आणि आता त्या शांततेचाच तिला राग येऊ लागला.

गुरुवारी ती पुढे गेली आणि तिनं करकचून ब्रेक दाबला. परत आली.

"गाल पांढरा पडलाय."

"हं?"

"डावा गाल. पांढरा ठिपका. कळत नाहीये तुम्हाला? हिमदंश व्हायला लागलाय! कधीपासून उभे आहात?" बोलता बोलता तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला आणि आपला उघडा तळवा त्याच्या गालावर ठेवला. "हलू नका. चोळायचं नाही, नुसती ऊब द्यायची. आणि बोलायचं नाही. मी अजून रागावलेली आहे."

तिच्या तळव्याखाली गाल दगडासारखा होता, मग मेणासारखा, मग माणसाच्या गालासारखा. त्याचा श्वास तिच्या मनगटावर येत होता. पुलावरून दोन मुलं घंटी न वाजवता, अगदी हळूच गेली.

"न मोजता गेली," तो पुटपुटला.

"बोलू नका म्हटलं ना." मग तीच म्हणाली, "हे कशाला चाललंय? मला दाखवायला?"

"नाही. आज संध्याकाळी या वाटेबद्दल सभा आहे. जुनी मोजणी चूक आहे असं नुसतं म्हणून भागत नाही, नवी लागते."

"तुमचे साहेब काय म्हणतात?"

"साहेब म्हणतात, आपली मोजणी चूक होती असं सभेत सांगितलंस, तर पुढच्या कामाला तुझी गरज नाही. तुर्कूला परत जा."

हेल्कानं हात काढला नाही. "मग?"

"मग काय? तुझ्या वेन्लानं मला सरबत पाजलंय. तिला कसं सांगू, तू नव्हतीसच म्हणून?"

संध्याकाळी शाळेचं सभागृह भरलं होतं. गाडीवाले पालक एका बाजूला, उरलेले दुसऱ्या बाजूला. इल्मोचे साहेब पहिल्या रांगेत. इल्मो उभा राहिला तेव्हा त्याचा डावा गाल अजून लाल होता.

"गेल्या वर्षी इथे मी मोजलं," तो म्हणाला. "वाट रिकामी नव्हती. मी तुमच्या स्की-सुट्टीत आलो होतो."

मागून कुणीतरी म्हाताऱ्या आवाजात म्हणालं, "तुर्कूचा का रे तू?" आणि सगळं सभागृह हसलं. गाडीवालेसुद्धा. तो तिथे तसाच, कान लाल करून, हसणं संपेपर्यंत उभा राहिला आणि मग त्यानं नवा आकडा वाचला. तो ऐकून कुणी हसलं नाही. गाड्यांचा बेत त्याच रात्री गुंडाळला गेला. साहेब मात्र कोट घालून, त्याच्याकडे न बघता निघून गेले.

शुक्रवार. स्की-सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. शाळा लवकर सुटली, मुलं पाखरांसारखी उधळली. हेल्का पुलावर आली तेव्हा इल्मो जांभळ्या सायकलला टेकून उभा होता. यंत्र वेन्लाच्या हातात होतं. ती उगीचच कावळे मोजत होती.

"गाडी कधीची आहे? तुर्कूची?" हेल्कानं विचारलं. आवाज रागीट ठेवला होता. तोच एक तिला भरवशाचा वाटत होता.

"गाडी नाही. इथल्या बर्फ काढणाऱ्यांना माणूस हवाय. पहाटे उठून वाटा बघायच्या, आणि मग लोकांच्या शिव्या ऐकायच्या. मला म्हणाले, काल तू शांत उभा राहून सगळं ऐकून घेतलंस, असाच हवा." तो थांबला. "म्हटलं, मला सराव आहे. पण अजून हो म्हटलेलं नाही."

"का?"

"इथे राहिलो तर... तुला रोज दिसेन. तुझा राग वाढेल."

"वाढेल," हेल्का म्हणाली. "शाळेच्या कोपऱ्यावर बर्फाचा ढीग राहिला तर वाढेल. सायकल घरात ठेवलीस तर वाढेल. 'लायकी आली का' हे विचारायचं बंद केलंस तर फारच वाढेल."

त्यानं मान वर केली. त्याच्या पापण्यांवर पांढरी झालर होती, आणि तिच्या आड डोळे भीत भीत हसत होते.

"आली का?"

तिनं सायकल वळवली, पुलाच्या टोकापर्यंत मागे गेली, आणि परत पुलावर आली. सावकाश, फळ्या कुरकुरवत, त्याच्याकडेच बघत. त्याच्यासमोर येऊन तिनं घंटी वाजवली.

"आता मोज," ती म्हणाली.

इल्मोनं यंत्रासाठी हात पुढे केला, पण वेन्लानं ते पाठीमागे लपवलं.

"आधी तुम्ही दोघं पुलावरून जा," ती म्हणाली. "काकांना तरी अजून कुणी मोजलंय?"

दोघं निघाली. काळी सायकल, जांभळी सायकल. खिळ्यांची करकर. मागून आवाज आला :

टिक. टिक.